मोतीबिंदूची शस्त्रक्रिया: तयारी, शस्त्रक्रियेचा दिवस आणि नंतरची काळजी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भारतात 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील व्यक्तींमधील अंधत्वाचे सुमारे 66 टक्के कारण मोतीबिंदू असल्याचे दिसून आले. यातील बहुतेकांची दृष्टी परत येऊ शकते. शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची असली, तरी तिचे यश आधीच्या तपासण्यांवर, रुग्णाने दिलेल्या खऱ्या माहितीवर आणि नंतरच्या सहा आठवड्यांत घरच्यांनी घेतलेल्या काळजीवर फार अवलंबून असते. म्हणून येथील उत्तरे रुग्णाइतकीच त्याच्या मुलांनी, सुनांनी आणि लेकींनीही वाचावीत.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा का?

नाही. बुबुळाच्या मागे जन्मतः एक पारदर्शक भिंग असते. वयानुसार त्यातील प्रथिनांची रचना बदलते आणि ते गढूळ होत जाते. या गढूळ झालेल्या भिंगालाच मोतीबिंदू म्हणतात. मधुमेह, स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर, डोळ्याला झालेली जुनी इजा, धूम्रपान आणि तीव्र उन्हात वर्षानुवर्षे केलेले काम यांमुळे तो लवकर येऊ शकतो. काचबिंदू हा पूर्णपणे वेगळा आजार आहे. त्यात डोळ्याच्या नसेची हानी होते आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. नावांतील साम्यामुळे दोहोंत गल्लत होते आणि काचबिंदूचा रुग्ण "पुढे ऑपरेशन करू" म्हणत बसतो, हे अत्यंत धोक्याचे आहे.

मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबावे का?

थांबू नये. हा समज जुन्या पद्धतीतून आलेला आहे. पूर्वी संपूर्ण भिंग त्याच्या आवरणासह अखंड बाहेर काढत आणि मोतीबिंदू पिकलेला असला की ते काम सोपे जाई. त्यानंतर जाड भिंगांचा चष्मा आयुष्यभर वापरावा लागे. आता आतला गढूळ भाग छोट्या छेदातून काढला जातो, त्यामुळे तो फार कठीण होण्याआधी शस्त्रक्रिया केलेली बरी असते. अती पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा त्यातील द्रव झिरपून डोळ्याचा दाब एकाएकी वाढू शकतो. तेव्हा डोळा लाल होऊन असह्य दुखतो, उलट्या होतात आणि नसेला कायमची इजा होण्याची भीती असते.

याचा अर्थ तपासणीत मोतीबिंदू दिसला की दुसऱ्याच दिवशी टेबलावर जावे, असाही नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपणे, बसवरची पाटी न वाचता येणे, तांदूळ निवडताना खडा न दिसणे, जिन्याच्या शेवटच्या पायरीचा अंदाज चुकणे असे अडथळे रोजच्या कामात येऊ लागले आणि नव्या चष्म्यानेही भागेना, म्हणजे वेळ आली असे समजावे. काहींना मध्येच जवळचे बिनचष्म्याचे दिसू लागते आणि नजर सुधारल्याचा आनंद होतो. भिंग मध्यभागी घट्ट होऊन त्याचा नंबर बदलल्यामुळे हे घडते. ते मोतीबिंदू वाढत असल्याचेच लक्षण आहे.

थेंब, मध, गुलाबपाणी किंवा काढा यांनी मोतीबिंदू विरघळतो का?

विरघळत नाही. गढूळ झालेले भिंग पुन्हा स्वच्छ करणारे कोणतेही सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. डोळ्यात मध किंवा झाडपाल्याचा रस घातल्याने मात्र जंतुसंसर्ग होऊन बुबुळावर फूल पडू शकते.

शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्या तपासण्या होतात आणि त्या खरोखर आवश्यक असतात का?

आवश्यक असतात. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवणे ही त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची. त्यासाठी बुबुळाचा गोलावा आणि डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी मोजतात. या लांबीत केवळ एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच ते तीनने चुकतो. म्हणून यंत्रासमोर हनुवटी टेकवून स्थिर बसावे, आणि तंत्रज्ञाने मोजमाप पुन्हा घेतले तर कंटाळू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती मोजमापाच्या काही दिवस आधी बंद करावी लागते. मऊ लेन्ससाठी एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्ससाठी त्याहून अधिक काळ लागतो, कारण लेन्समुळे बुबुळाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. पूर्वी चष्मा घालवण्याचे लेझर ऑपरेशन झाले असेल, तर ते आवर्जून सांगावे. त्याने भिंगाचे गणितच बदलते.

याखेरीज डोळ्याचा दाब पाहतात आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासतात. मोतीबिंदू इतका दाट असेल की मागचे काहीच दिसत नाही, तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. आपल्याकडे अश्रुमार्ग मोकळा आहे की नाही, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी सोडून पाहण्याचीही पद्धत आहे. पाणी घशात उतरले की मार्ग मोकळा असतो. तेथे पू साचलेला असेल, तर आधी त्याचा उपचार होतो, कारण तो संसर्ग डोळ्यात शिरू शकतो. रक्तातील साखर, रक्तदाब आणि गरजेनुसार ईसीजी या तपासण्या वय व आजार पाहून सांगितल्या जातात.

मला मधुमेह, रक्तदाब आहे आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. ऑपरेशन होईल का?

बहुतेकांचे होते. मात्र घरातील सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून तपासणीला न्याव्यात. "ती लाल छोटी गोळी" एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

रक्तदाबाची गोळी सहसा शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन यांसारखी औषधे अनेकदा चालूच ठेवली जातात. ती बंद करायची का, हा निर्णय नेत्रतज्ज्ञ आणि हृदयविकाराचे डॉक्टर मिळून घेतात. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने स्वतःच्या मनाने गोळी थांबवल्यास डोळ्यापेक्षा हृदयाला अधिक धोका होतो. मधुमेहाच्या औषधाची सकाळची मात्रा त्या दिवशी काय खायला परवानगी आहे यावर ठरते, म्हणून तो प्रश्न आदल्या दिवशीच विचारून घ्यावा. साखर फार वाढलेली असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. तसे झाल्यास नाराज होऊ नये. मधुमेहाने पडद्यावर सूज आली असेल, तर तिचा उपचार आधी किंवा बरोबरीने करावा लागतो, आणि अशा डोळ्यात भिंग उत्तम बसूनही दृष्टी अपेक्षेइतकी सुधारत नाही, याची कल्पना आधीच घ्यावी.

पुरुष रुग्ण एक औषध सांगायला हमखास विसरतात: प्रोस्टेटसाठी, म्हणजे लघवीच्या त्रासासाठी घेतले जाणारे टॅमसुलोसिन. या औषधामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही आणि तिचा रंगीत पडदा सैल पडून फडफडतो. डॉक्टरांना आधी माहीत असेल, तर ते वेगळी तयारी ठेवतात. गोळी पूर्वी घेऊन सोडली असली, तरीही सांगावे, कारण तिचा परिणाम बंद केल्यावरही राहतो.

कोणते भिंग निवडावे? महाग भिंग म्हणजे चांगली नजर का?

तसे मुळीच नाही. एकाच अंतरासाठी असलेले साधे भिंग बहुतेकांना उत्तम दृष्टी देते. ते सहसा लांबचे दिसण्यासाठी बसवतात आणि वाचनाला जवळचा चष्मा लागतो. डोळ्याला तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर बराच असेल, तर तो भरून काढणारे टोरिक भिंग खरोखर उपयोगी पडते. बहुकेंद्री, म्हणजे मल्टिफोकल भिंगाने लांबचे व जवळचे दोन्ही पुष्कळदा चष्म्याविना दिसते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि अंधूक उजेडात अक्षरे थोडी फिकी वाटतात. रात्री ट्रक किंवा रिक्षा चालवणाऱ्यांनी, तसेच पडद्याचा आजार किंवा वाढलेला काचबिंदू असलेल्यांनी ते घेण्यापूर्वी फार विचार करावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की भिंग आपल्या दिनक्रमावरून ठरवावे. दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी बाई, पोथी वाचणारे आजोबा आणि शेतात जाणारा माणूस यांच्या गरजा सारख्या नसतात. समुपदेशकासमोर किमतींचा तक्ता पाहण्याआधी आपण दिवसभर काय काम करतो, किती अंतरावर पाहतो आणि चष्मा लावायला खरोखर हरकत आहे का, हे सांगावे. जवळचा चष्मा लावण्यात काही वाटत नसेल, तर केवळ नातेवाइकांच्या आग्रहाखातर कर्ज काढून महाग भिंग बसवू नये. विमा असल्यास भिंगासाठी किती रक्कम मिळते, हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावे.

डोळ्यात बसवलेले भिंग किती वर्षे टिकते?

ते आयुष्यभरासाठी असते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले ॲक्रिलिकचे तुकडे डोळ्याने सहन केल्याचे इंग्लंडमधील डॉ. हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आले आणि त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिले कृत्रिम भिंग बसवले. भारतात ही भिंगे दीर्घकाळ आयात होत आणि परवडत नसत. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने 1992 पासून ती येथेच बनवली आणि किमती खूप उतरल्या. आज सरकारी रुग्णालयात मोफत बसवले जाणारे भिंगही आयुष्यभराचेच असते.

ऑपरेशन लेझरने होते का? बिनटाक्याचे म्हणजे काय?

सर्वाधिक प्रचलित असलेल्या फेको पद्धतीत लेझर नसतो. डॉ. चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ही पद्धत आणली. साधारण अडीच मिलिमीटरच्या छेदातून सुई आत घालून अतिध्वनी लहरींनी मोतीबिंदूचा चुरा करतात आणि तो शोषून घेतात. मग घडी घातलेले भिंग आत सोडतात आणि ते आत जाऊन उलगडते. दुसऱ्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटरचा छेद असतो, परंतु तो असा तिरका घेतात की आपोआप मिटतो आणि टाका लागत नाही. सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिला दुय्यम समजू नये, कारण अतिशय कठीण, तपकिरी मोतीबिंदूसाठी अनुभवी डॉक्टर कित्येकदा तीच पसंत करतात. प्रत्यक्ष लेझर वापरणारी पद्धतही आहे. तिच्यात काही टप्पे लेझरने होतात, पण खर्च बराच वाढतो आणि सर्वसाधारण रुग्णाच्या अंतिम दृष्टीत त्यामुळे मोठा फरक पडत नाही.

त्या दिवशी सकाळी काय करावे?

डोक्यावरून स्वच्छ अंघोळ करावी, कारण पुढचे काही दिवस तशी करता येणार नाही. काजळ, सुरमा, पावडर, कपाळावरील गंध आणि केसांचे तेल टाळावे. पुढून बटणे असलेला सैल सदरा किंवा ब्लाउज घालावा, म्हणजे कपडे डोक्यावरून काढावे लागत नाहीत. दागिने घरी ठेवावेत. उपाशी राहायचे की हलका नाश्ता करायचा, हे रुग्णालयागणिक वेगळे असते. आदल्या दिवशी ताप, खोकला, डोळ्यातून घाण किंवा पापणीवर रांजणवाडी आली असेल, तर ते न लपवता कळवावे. सोबत एक जाणते माणूस हवेच.

ऑपरेशन टेबलावर नेमके काय होते?

आधी बाहुली मोठी करणारे थेंब दर काही मिनिटांनी घालतात. त्याने थोडे चुरचुरते. कोणत्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे, हे खात्रीसाठी कपाळावर खूण करून ठेवतात. तुम्हाला पुन्हापुन्हा नाव आणि डोळा विचारला जाईल. प्रत्येक वेळी स्पष्ट उत्तर द्या, आणि कोणी चुकीच्या डोळ्यात थेंब घालू लागले तर बेलाशक अडवा.

डोळा बधिर करण्यासाठी थेंब किंवा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देतात. मग पापण्या व डोळा आयोडीनच्या द्रावणाने स्वच्छ करतात. जंतुसंसर्ग टाळण्याचा हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तोंडावर निर्जंतुक कापड येते, ज्यात फक्त डोळ्यापुरते छिद्र असते. कोंडल्यासारखे वाटेल म्हणून कापडाखाली हवा किंवा ऑक्सिजन सोडतात. पापणी एका चिमट्याने उघडी धरलेली असते, म्हणून डोळा मिटला जाईल ही काळजी करू नये. वरचा दिवा प्रखर भासतो. थोड्या वेळाने आकार पुसट होऊन गुलाबी, निळे, पिवळे रंग सरकताना दिसतात, कानावर यंत्राचा घुंईऽऽ असा आवाज येतो आणि गालावरून कानाकडे थंड पाण्याचा ओघळ जातो. यातले काहीही बिघडल्याचे लक्षण नाही. स्पर्श व दाब जाणवतो, तीक्ष्ण वेदना सहसा जाणवत नाही. वेदना झाली तर मान न हलवता तोंडाने सांगावे, म्हणजे आणखी औषध देता येते. खोकला किंवा शिंक येत असेल तर तीही आधी सांगावी. डॉक्टर क्षणभर उपकरणे बाहेर घेतात.

शस्त्रक्रियेला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. तयारी आणि नंतरची विश्रांती धरून रुग्णालयात तीन-चार तास जातात. रात्री मुक्काम क्वचितच लागतो.

घरी थेंब कसे घालावेत?

जंतुनाशक आणि सूज कमी करणारे स्टेरॉइड थेंब साधारण चार ते सहा आठवडे चालतात. स्टेरॉइडचे प्रमाण दर आठवड्याला कमी करत आणतात, म्हणून वेळापत्रकाचा कागद भिंतीवर चिकटवून प्रत्येक वेळेनंतर खूण करावी. बरे वाटते म्हणून थेंब मध्येच सोडू नयेत, आणि संपले तरी सल्ल्याशिवाय पुढे चालूही ठेवू नयेत, कारण स्टेरॉइडमुळे काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो.

थेंब घालणाऱ्याने साबणाने हात धुऊन रुग्णाला उताणे झोपवावे आणि वर छताकडे पाहायला सांगावे. खालची पापणी एका बोटाने अलगद खाली ओढली की तेथे लहानशी खोबण तयार होते. तीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागता कामा नये. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरा थेंब किमान पाच मिनिटांनी घालावा, नाहीतर पहिला वाहून जातो. पापणीवरचा चिकटा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापसाने, नाकाकडून कानाकडे, एकदाच पुसावा. तोच कापूस पुन्हा वापरू नये. धोतराचा सोगा किंवा पदराचे टोक डोळ्याला लावू नये. पुष्कळ घरांत नकळत हीच चूक होते.

अंघोळ, स्वयंपाक, पथ्यपाणी आणि कामाचे काय?

गळ्याखालची अंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते. डोक्यावरून पाणी साधारण दोन आठवडे टाळावे, आणि डॉक्टरांनी अधिक सांगितले असेल तर तेच पाळावे. डोळा चोळणे पूर्ण वर्ज्य. रात्री झोपेत हात जातो म्हणून पहिला आठवडा प्लास्टिकची जाळी लावून झोपावे. जड हंडा, सिलिंडर किंवा नातवंड उचलू नये. बद्धकोष्ठ असल्यास त्यावर औषध घ्यावे, कारण कुंथल्यानेही डोळ्यावर ताण येतो. चुलीचा धूर, मिरचीची फोडणी, धान्य पाखडताना उडणारा कोंडा, मळणी आणि गोठ्याची झाडलोट यांपासून महिनाभर दूर राहावे. आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांनी गर्दी व धूळ ध्यानात घेऊन शस्त्रक्रियेची तारीख वारीनंतरची घ्यावी. टीव्ही पाहणे, वाचणे आणि चालणे यांना हरकत नाही. मुलांकडे परदेशी जायचे असल्यास विमानप्रवासाने डोळ्याला इजा होत नाही, परंतु सुरुवातीच्या तपासण्या चुकवू नयेत.

खाण्याचे कोणतेही पथ्य नाही. वांगे, डाळ, आंबट किंवा अंडे खाल्ल्याने डोळ्यात पू होतो, या समजुतीला आधार नाही. डोळ्यात पू होतो तो जंतूंमुळे. वृद्ध माणसाला महिनाभर नुसत्या भातावर ठेवल्याने अशक्तपणा येतो आणि मधुमेह्याची साखर वाढते. तसेच हिवाळ्यातच ऑपरेशन करावे, हेही आता लागू नाही.

नजर केव्हा स्पष्ट होते? सगळे निळसर का दिसते?

बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशीच फरक कळतो. मोतीबिंदू कठीण असेल, तर बुबुळावरील सूज उतरायला एक-दोन आठवडे लागतात. जुने पिवळसर भिंग निळा रंग अडवत होते. ते गेल्यामुळे पांढरे शुभ्र आणि आकाश गडद दिसते, आणि काही दिवसांत मेंदूला त्याची सवय होते. डोळ्यात कण गेल्यासारखे खुपणे व पाणी येणे पहिल्या काही दिवसांत चालते.

कोणत्या लक्षणांवर तात्काळ रुग्णालय गाठावे?

दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, लाली वाढणे, चिकट घाण येणे किंवा सुधारलेली नजर पुन्हा अंधूक होणे ही डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे असू शकतात. असा संसर्ग हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, परंतु झाला तर तासातासाला महत्त्व असते. रविवार आहे, सण आहे, पुढची तारीख जवळच आहे असे म्हणत थांबू नये. विजेसारखे लखलखाट दिसणे, एकाएकी पुष्कळ काळे ठिपके येणे किंवा एका बाजूने काळी छाया सरकणे म्हणजे पडदा सुटत असण्याची शक्यता असते. चष्म्याचा मोठा वजा नंबर असलेल्यांनी ही लक्षणे शस्त्रक्रियेनंतर वर्षांनीही ध्यानात ठेवावीत.

शिबिरातील मोफत शस्त्रक्रिया सुरक्षित असते का?

जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि अनेक धर्मादाय संस्था ही शस्त्रक्रिया मोफत करतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. गावातील शिबिरात केवळ तपासणी व्हावी आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहातच व्हावी, एवढे पाहावे. शाळेच्या खोलीत किंवा मंगल कार्यालयात शस्त्रक्रिया करणार असतील, तर नकार द्यावा. नंतर त्रास झाल्यास कोणत्या क्रमांकावर कोणाशी बोलायचे, हे निघतानाच लिहून घ्यावे.

काढलेला मोतीबिंदू पुन्हा येतो का?

येत नाही. मात्र नवे भिंग ज्या नैसर्गिक आवरणात बसवतात, त्याचा मागचा भाग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होऊ शकतो. तेव्हा याग लेझरने त्यात मधोमध छोटी खिडकी करतात. ते काम बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते.

दुसरा डोळा केव्हा करावा आणि चष्मा केव्हा मिळतो?

पहिला डोळा स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण काही आठवड्यांनी, दुसऱ्याचा विचार करतात. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत राहिली, तर चालताना डोके गरगरते. अशा वेळी दुसरे ऑपरेशन फार लांबवू नये. चष्म्याचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी पक्का होतो, त्यामुळे त्याआधी महागडा चष्मा करू नये. भिंगाची कंपनी, प्रकार व नंबर छापलेले कार्ड रुग्णालयातून मागून घ्यावे आणि त्याचे छायाचित्र मुलांच्या मोबाइलमध्येही ठेवावे, कारण दुसऱ्या डोळ्याचे भिंग ठरवताना डॉक्टर सर्वप्रथम तेच मागतात.